सतरा आठे

गणपती पेठेत भुसार दुकानाच्या माळ्यावर
दस्तगीरचाचांची डार्करूम.
पहिल्या बोनसचा कॅमेरा गळ्यात घालून गेलो
तर त्यांनी तो हातात घेतला,
बाजारात कोंबडी तोलावी तसा तोलला,
म्हणाले, "वजनाला चांगलाय."
पुढं काही नाही.

त्यांच्या कॅमेऱ्याच्या झाकणाला काळी चिकटपट्टी,
भिंगावर नखाएवढा ओरखडा,
पट्टा बैलाच्या म्होरकीचा.

मे महिना, तोही सांगलीचा.
डेव्हलपर वीस अंशांवर हवा आणि खोलीत सदतीस.
सोडावाल्याकडून बर्फ आणायचं काम माझ्याकडं.
पिशवीत बांधून तो ट्रेमध्ये बुडवायचा,
चाचा करंगळी घालून बघणार,
"अजून जरा."
थर्मामीटर खिळ्याला टांगलेला होता, कॅलेंडरशेजारी,
दोन्ही मागच्याच वर्षाचे.
मेटॉल मात्र सोनाराच्या काट्यावर जोखायचे,
श्वास रोखून.

माझी निगेटिव्ह होती मार्केट यार्डातली.
हळदीचा सौदा, उपरण्याखाली बोटं धरून
भाव ठरवणारे दोघे,
मागं पोत्याला टेकून सोनाक्का, हळकुंडं निवडताना.
दुकानातून छापून आणली तेव्हा
हळद चुन्यासारखी पांढरी
आणि सोनाक्काच्या तोंडाला डांबर.
मी म्हणालो, पुढच्या महिन्यात नवी लेन्स घेतोय.
चाचा म्हणाले, "हळद अशी दिसती व्हय रे?
दार लाव."

हरिपूरला हळद पेवात ठेवतात, जमिनीखाली,
उजेड लागला तर रंग उडतो म्हणून.
तसा तो अंधार. आंबूस, उबदार,
कोपऱ्यात लाल बल्ब.

एन्लार्जरचा दिवा लागला की
चाचांच्या ओठांत सतराचा पाढा.
घड्याळ नाही. छत्रीच्या काडीला पुठ्ठ्याची चकती,
ती सोनाक्काच्या तोंडावर धरायची, हलवत राहायची,
माशी वारल्यासारखी.
मग दोन्ही पंजे जोडून मधे भोक,
त्यातून फक्त हळदीवर उजेड.
उपरण्याखालचा सौदाच तो,
बोटं काय बोलली, कागदालाच ठाऊक.
सतरा साते एकोणीसासे, सतरा आठे...
इथं ते अडकायचे.
दर वेळी.
सतरा आठे... सतरा आठे...
छत्तीसासे.
आणि दिवा बंद.

ट्रेमध्ये कागद हलवला.
आधी पोत्याची शिवण आली, मग पागोट्याची घडी,
मग सोनाक्काची नजर,
आणि अगदी शेवटी, आता येत नाही म्हणता म्हणता,
हळकुंडांच्या अंगावरच्या वळ्या.
पिवळी दिसली.
खरं सांगतो, लाल बल्बखाली, करड्या कागदावर
हळद पिवळी दिसली.

चाचा जाऊन पाच वर्षं झाली.
एन्लार्जर म्हणे कोल्हापूरच्या एका हॉटेलात
शोभेचा दिवा झालाय.
माझ्याकडं ती छत्रीची काडी आली.
बाकी सगळं मी विकत घेतलं,
पुण्याहून टायमर आणला, अर्धा सेकंद दाखवणारा.
तीच निगेटिव्ह. सहा कागद.
सहाही बरोबर
आणि सहाही मेलेले.

टायमर बंद केला. पाढा म्हटला.
पण पाढ्यात मी शाळेत पहिला,
सतरा दाहे सत्तरासेपर्यंत घसरगुंडीवरून गेल्यासारखा,
सोनाक्का पुन्हा डांबरात.
मग आठाशी मुद्दाम अडखळलो.
मुद्दाम अडखळणं वेगळं,
हे कागदाला लगेच कळलं.

कागद महाग आहे.
हायपोचा वास बोटांवरून भाकरीत जातो,
घरातले बोलत नाहीत, नुसते बघतात.

काल रात्री पुन्हा दिवा लावला.
उलट्या उजेडातली सोनाक्का,
केस पांढरे, दात काळे,
हातात एक हळकुंड, टाकू की ठेवू अशा बेतात.
आजवर माझं लक्षच नव्हतं त्या हळकुंडाकडं.
चकती हलत होती, ओठ हलत होते,
सतरा साते एकोणीसासे,
सतरा आठे...

सतरा आठे किती,
खरंच आठवेना.